एक्सपी आणि विंडोज ७ : डबल क्लिकवर फाइल भलत्याच प्रोग्रामात उघडते

तिरफळ :
ऑफिसातला जुना पीसी आहे. एक्सपी, सर्व्हिस पॅक ३, रॅम ५१२ एमबी. नेट जोडलेलं नाही आणि जोडायचंही नाही, जुनी बिलं आणि पीडीएफ बघण्यापुरता ठेवलाय. आधीचा पीडीएफ रीडर या रॅमला झेपत नाही म्हणून सुमात्रा टाकलं. पण डबल क्लिक केलं की अजून जुनाच रीडर उठतो. 'ओपन विथ'मधून सुमात्रा निवडलं की तेवढ्यापुरतं उघडतं, पुढच्या वेळी परत तेच. शेजारी विंडोज ७चा पीसी आहे, त्यावर तर 'फाइल टाइप्स' हा टॅबच दिसत नाही. दोन्हीकडच्या पायऱ्या कुणी सांगेल का?

कळफलक :
आधी एक्सपी. फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', मग 'चूज प्रोग्राम'. यादीत सुमात्रा निवडा आणि ओके दाबायच्या आधी खालची चौकट बघा : 'ऑलवेज यूज द सिलेक्टेड प्रोग्राम टू ओपन धिस काइंड ऑफ फाइल'. ती टिक न करता ओके दाबलं तर निवड त्या एका वेळेपुरतीच राहते. तुमचं बहुतेक हेच होतंय. 'ओपन विथ'वर माउस नेल्यावर बाजूला जी छोटी यादी येते, तिच्यातून प्रोग्राम निवडला तरी तेच, कारण त्या यादीला टिक करायची चौकटच नाही. 'चूज प्रोग्राम'मध्ये शिरावंच लागतं.

यादीत प्रोग्राम नसेल तर 'ब्राउज' दाबून 'प्रोग्राम फाइल्स'मधली त्याची ईएक्सई फाइल (प्रोग्राम चालवणारी मूळ फाइल) दाखवा. शॉर्टकट दाखवू नका.

एक्सपीवर दुसरा रस्ता : माय कॉम्प्युटर, टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, 'फाइल टाइप्स' टॅब. यादी भरायला जुन्या मशीनवर थोडा वेळ लागतो, दमानं घ्या. यादीत कुठेही एकदा क्लिक करून पी-डी-एफ ही अक्षरं भराभर टाइप केली की थेट त्या ओळीवर उडी जाते. 'चेंज' दाबा आणि प्रोग्राम निवडा. इथे टिकची भानगड नाही, बदल कायमचाच होतो. एखाद्या प्रकाराला 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या जागी 'रिस्टोर' बटण दिसलं तर समजायचं की त्या प्रकाराची मूळ निवड या यूजरने कधीतरी बदललेली आहे. 'रिस्टोर' दाबलं की मूळची निवड परत येते.

विंडोज ७वर तो टॅब शोधू नका. व्हिस्टापासूनच काढून टाकलाय. तिथे कंट्रोल पॅनल, 'डिफॉल्ट प्रोग्राम्स', 'असोसिएट अ फाइल टाइप ऑर प्रोटोकॉल विथ अ प्रोग्राम'. यादीत .पीडीएफ शोधा, वर उजवीकडे 'चेंज प्रोग्राम'. किंवा फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', 'चूज डिफॉल्ट प्रोग्राम'. इथे चौकट सहसा आधीच टिक केलेली असते, त्यामुळे ७वर उलटा घोटाळा होतो : एकदाच उघडून बघायचं असतं आणि निवड कायमची बदलून बसते. एकापेक्षा जास्त फाइल्स सिलेक्ट केल्या तर ७च्या मेनूतून 'ओपन विथ' गायब होतं. एकच फाइल धरा.

आणि दोन्हीकडे आधी एक काम करा. फोल्डर ऑप्शन्स, 'व्ह्यू' टॅब, 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स'ची टिक काढा. विंडोज फाइलच्या आत काय आहे ते बघत नाही, नावाच्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं बघतं. ती दिसत नसतील तर आपण अंधारात चाचपडतो. 'बिल.पीडीएफ' म्हणून दिसणारी फाइल खरी 'बिल.पीडीएफ.टीएक्सटी' असू शकते, आणि मग पीडीएफची निवड कितीही बदला, ती नोटपॅडमध्येच जाणार.

तिरफळ :
एक्सपीचं काम झालं, चौकटच राहत होती. ७वर मात्र वेगळंच. तिथे सुमात्राची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत डी ड्राइव्हवर ठेवली आहे. 'ब्राउज' करून ईएक्सई दाखवतो, 'ओपन' दाबतो, खिडकी बंद होते आणि यादीत काहीच येत नाही. एररही नाही.

बिनतारी :
याआधी त्या मशीनवर सुमात्रा रीतसर इन्स्टॉल करून नंतर काढलं होतं का?

तिरफळ :
हो, आधी 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये होतं.

बिनतारी :
मग कारण मिळालं. 'ब्राउज'ने दाखवलेला प्रोग्राम विंडोज फक्त ईएक्सईच्या नावाने नोंदवतं, पूर्ण पत्त्याने नाही. त्या नावाची नोंद आधीच असेल तर नवी करत नाही, आणि जुन्या नोंदीतला पत्ता आता अस्तित्वात नसल्यामुळे यादीतही दाखवत नाही. म्हणून गुपचूप काहीच होत नाही.

विंडोजचं बटण धरून आर दाबा आणि रेजएडिट टाइप करा. विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, उघडेल. तिच्यातल्या फोल्डरसारख्या कप्प्याला 'की' म्हणतात. (इथून पुढे कमांड आणि की यांची नावं मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक.) 'एचकी क्लासेस रूट'मध्ये 'अ‍ॅप्लिकेशन्स' उघडा, तिथे 'सुमात्रापीडीएफ.ईएक्सई', त्यात शेल, ओपन, कमांड. उजवीकडच्या 'डिफॉल्ट'मध्ये जुना पत्ता दिसेल. त्यावर डबल क्लिक करून डी ड्राइव्हचा नवा पत्ता घाला. पत्ता अवतरणचिन्हांत, मग एक स्पेस, मग पुन्हा अवतरणचिन्हांत "%१". ते जमत नसेल तर अ‍ॅप्लिकेशन्सखालची फक्त ती एक ईएक्सईची की डिलीट करा आणि 'ब्राउज' पुन्हा करून बघा.

हात लावण्याआधी त्या कीवर राइट क्लिक, 'एक्स्पोर्ट', आणि डेस्कटॉपवर सेव्ह. काही बिघडलं तर त्या फाइलवर डबल क्लिक केलं की जुन्या नोंदी परत.

कळफलक :
बिनतारी, अवतरणचिन्हांचं नुसतं सांगून भागणार नाही, कारणही लिहितो. "%१"च्या जागी विंडोज फाइलचा पूर्ण पत्ता भरतं. एक्सपीवर तो 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'पासून सुरू होतो, म्हणजे पत्त्यातच स्पेस. अवतरणचिन्हं नसली तर कित्येक प्रोग्राम त्या स्पेसवर पत्ता तोडतात : 'सी:\डॉक्युमेंट्स' नावाची फाइल सापडत नाही, 'अँड' सापडत नाही, 'सेटिंग्ज' सापडत नाही, अशा एकापाठोपाठ एक एरर येतात. असे तीन-चार एरर ओळीने दिसले तर दुसरीकडे शोधू नका, कमांडमधली अवतरणचिन्हं बघा. सी:\ वर थेट ठेवलेली, नावात स्पेस नसलेली फाइल त्याच वेळी नीट उघडत असेल तर खात्रीच.

रात्रपाळी :
एवढं रजिस्ट्रीत कशाला जायचं? कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत) 'असॉक' आणि 'एफटाइप' आहेत की. 'असॉक .पीडीएफ' टाइप केलं की त्या एक्स्टेन्शनचा प्रकार कळतो, 'एफटाइप' आणि तो प्रकार टाइप केला की कमांड कळते. बदलायचं तर पुढे = लावून नवं लिहायचं. ७वर मात्र कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, नाहीतर 'अ‍ॅक्सेस डिनाइड'.

तिरफळ :
आधी हेच केलं होतं ७वर. असॉक नवं उत्तर दाखवतं, डबल क्लिक जुन्यातच जातं.

कळफलक :
हेच लोकांना कळत नाही आणि सगळा गोंधळ इथूनच होतो. निवड दोन ठिकाणी लिहिलेली असते. एक अख्ख्या मशीनची, 'लोकल मशीन'मध्ये सॉफ्टवेअर, क्लासेसखाली. असॉक, एफटाइप आणि बहुतेक इन्स्टॉलर तिथे लिहितात. दुसरी त्या त्या यूजरची, 'करंट यूजर'मध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स, त्याखाली प्रत्येक एक्स्टेन्शनची की. 'ओपन विथ'ची निवड इथे जाते. दोन्हींत भांडण झालं की यूजरची जिंकते. असॉक फक्त मशीनची वाचतं, म्हणून ते खरं सांगूनही तुमची दिशाभूल करतं.

एक्सपीवर त्या कीत 'अ‍ॅप्लिकेशन' किंवा 'प्रॉगआयडी' नावाची नोंद असते. व्हिस्टा आणि ७वर 'यूजरचॉइस' नावाची वेगळी उपकी असते आणि तिच्यावर यूजरलाच लिहायला मनाई केलेली असते. त्यामुळे आतली नोंद बदलायला गेलात तर एरर येतो. पण अख्खी 'यूजरचॉइस' की डिलीट करता येते. ती उडवली की मशीनची निवड चालू होते. ७च्या खिडक्यांमध्ये असोसिएशन (कुठल्या प्रकारची फाइल कुठल्या प्रोग्रामात उघडायची ती जोडणी) बदलायला बटण आहे, काढून टाकायला नाही. काढायचं असेल तर हाच मार्ग.

यातूनच दुसरंही उलगडतं : एका मशीनवर दोन लॉगिन असतील तर एकाने केलेला 'ओपन विथ'चा बदल दुसऱ्याला दिसत नाही. सगळ्यांसाठी करायचं असेल तर मशीनच्या पातळीवर करा आणि प्रत्येक यूजरची जुनी नोंद काढा.

खडूफळा :
लॅबमधल्या विंडोज ७च्या एका मशीनवर डेस्कटॉपचे सगळे आयकॉन नोटपॅडचे झालेत. कशावरही क्लिक केलं तरी नोटपॅड उघडतं आणि आत चौकोन-चौकोन. स्टार्ट मेनूतही तेच. फॉरमॅटच मारावं लागेल का?

रात्रपाळी :
फॉरमॅट नको! शॉर्टकटचं असोसिएशन बदललंय एवढंच.

कळफलक :
बरोबर. शॉर्टकट हीसुद्धा फाइलच, एक्स्टेन्शन .एलएनके. ते कधी दिसत नाही म्हणून लक्षात येत नाही. कुणीतरी शॉर्टकटला 'ओपन विथ'मधून नोटपॅड जोडून दिलंय. मूळ प्रोग्राम सगळे धडधाकट आहेत, म्हणून विंडोज+आर दाबून रेजएडिट टाइप केलं की ते उघडेल, कारण मधे शॉर्टकट नाही. वर लिहिलेल्या फाइलएक्स्ट्समध्ये .एलएनके शोधा, त्यातली 'यूजरचॉइस' डिलीट करा, लॉग ऑफ करून परत लॉग ऑन. एक्सपी असतं तर 'अ‍ॅप्लिकेशन'ची नोंद उडवायची. तरीही जमलं नाही तर 'क्लासेस रूट'मध्ये .एलएनकेच्या डिफॉल्टला 'एलएनकेफाइल' आहे का ते बघा.

याहून वाईट प्रकार म्हणजे .ईएक्सईचं असोसिएशन बिघडणं. तेव्हा रेजएडिटसुद्धा उघडत नाही, प्रत्येक प्रोग्रामला 'ओपन विथ' विचारतं. बहुतेक वेळा हे व्हायरसचं काम. त्याने स्वतःला प्रत्येक ईएक्सईच्या पुढे उभं केलेलं असतं. अँटिव्हायरसने त्याला उडवलं, पण नोंद तशीच राहिली, की मशीन अडून बसतं.

तेव्हा असं करा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'फाइल' मेनू उघडा, कंट्रोल की दाबून धरा आणि 'न्यू टास्क'वर क्लिक करा. रनची चौकट येण्याऐवजी थेट काळा कमांड प्रॉम्प्ट येतो. त्याला असोसिएशन लागत नाही, आणि त्याच्या आतून रेजएडिट टाइप केलं तर तेही चालतं, कारण कमांड प्रॉम्प्ट ईएक्सईला रजिस्ट्रीला न विचारता सरळ चालू करतो. टास्क मॅनेजरच उघडत नसेल तर मशीन सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि 'सेफ मोड विथ कमांड प्रॉम्प्ट' घ्या. प्रॉम्प्ट मिळाला की :

असॉक .ईएक्सई=ईएक्सईफाइल
एफटाइप ईएक्सईफाइल="%१" %*

दुसऱ्या ओळीतला शेवटचा %* विसरू नका. तो नसेल तर प्रोग्राम सुरू होतात, पण त्यांना पुढे दिलेली माहिती पोचत नाही.

मग रेजएडिटमध्ये 'करंट यूजर', सॉफ्टवेअर, क्लासेस इथे .ईएक्सई नावाची की आहे का बघा. एरवी तिथे ती नसते. असली तर व्हायरसने ठेवलेली समजा : आत कुठल्या प्रकाराचं नाव लिहिलंय ते टिपून घ्या, की एक्स्पोर्ट करून डिलीट करा. त्याच क्लासेसखाली त्या नावाची दुसरी की असेल, तीही काढा. फाइलएक्स्ट्समधल्या .ईएक्सईत 'यूजरचॉइस' असेल तर तीही.

खडूफळा :
झालं! यूजरचॉइस उडवली, लॉग ऑन केल्यावर सगळे आयकॉन जागेवर. मुलांच्या लॉगिनला हे पुन्हा होणार नाही याची काही सोय?

बिनतारी :
मुलांना वेगळं साधं अकाउंट द्या, अ‍ॅडमिन नको. 'ओपन विथ'चा बदल तरीही करता येईल, पण त्या अकाउंटपुरता. तुमचं लॉगिन शाबूत राहतं, आणि फारच गुंता झाला तर ते अकाउंट उडवून नवं काढायचं. त्याआधी त्यातल्या फाइल्स बाजूला काढा.

पेनड्राइव्ह :
याच्याच जवळचं विचारतो. एक्सपीवर डी ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की 'ओपन विथ' विचारतो. ड्राइव्ह कशात उघडू, काय उत्तर द्यायचं त्याला? राइट क्लिक करून 'एक्सप्लोर' केलं तर उघडतो.

बिनतारी :
काही निवडू नका, 'कॅन्सल' दाबा. ही पेनड्राइव्हच्या व्हायरसची मागे राहिलेली घाण. ड्राइव्हच्या मुळाशी 'ऑटोरन.आयएनएफ' नावाची लपवलेली फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं की डबल क्लिक झाल्यावर अमुक ईएक्सई चालव. अँटिव्हायरसने ईएक्सई मारली, चिठ्ठी राहिली.

पेनड्राइव्ह काढून ठेवा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये :

अ‍ॅट्रिब -एस -एच -आर डी:\ऑटोरन.आयएनएफ
डेल डी:\ऑटोरन.आयएनएफ

पहिली ओळ लपवाछपवी आणि रीड-ओन्ली काढते, तिच्याशिवाय 'डेल'ला फाइल सापडतच नाही. हेच सी, ई, जेवढे ड्राइव्ह असतील तेवढ्यांना. मग रेजएडिटमध्ये 'करंट यूजर'च्या एक्सप्लोररखाली 'माउंटपॉइंट्स२' नावाची की आहे ती डिलीट करा. विंडोज ती नव्याने बनवतं, काळजी नको. रीस्टार्ट. फाइल थोड्या वेळाने पुन्हा उगवली तर व्हायरस जिवंत आहे, आधी त्याचं बघा.

आणि ड्राइव्ह किंवा फोल्डर उघडण्याऐवजी 'सर्च'ची खिडकी येत असेल तर तो वेगळा आजार. एक्सपीच्या फाइल टाइप्समध्ये 'फाइल फोल्डर' किंवा 'ड्राइव्ह'ला कुणी हात लावला की होतो. 'क्लासेस रूट'मध्ये 'डिरेक्टरी', शेल, इथल्या डिफॉल्टमध्ये 'नन' लिहा. 'ड्राइव्ह', शेल, इथेही तेच.

जुळणीकार :
डीटीपीवाल्यांसाठी. एकाच मशीनवर पेजमेकर ६.५ आणि ७ दोन्ही असतात. ६.५ची फाइल .पी६५, ७ची .पीएमडी. ७मध्ये .पी६५ उघडली की ती रूपांतर होऊन 'अनटायटल्ड' म्हणून येते, आणि ७मध्ये सेव्ह केलेली .पीएमडी ६.५मध्ये उघडत नाही. त्यामुळे .पी६५ चुकून ७ला जोडलं गेलं तर काम सुरूच होतं नव्या प्रतीवर, आणि ज्या प्रेसकडे ६.५च आहे तिथे ती प्रत उघडत नाही. .पी६५ ६.५लाच जोडून ठेवा.

७मध्ये कधीतरीच उघडायची असेल तर असोसिएशनला हात न लावता 'सेंड टू' वापरा. एक्सपीवर स्टार्ट, रन, 'सेंडटू' (७वर 'शेल:सेंडटू') टाइप केलं की एक फोल्डर उघडतो. त्यात पेजमेकर ७चा शॉर्टकट टाका. आता कुठल्याही फाइलवर राइट क्लिक, 'सेंड टू', पेजमेकर ७. हा उपाय मला तरी 'ओपन विथ'पेक्षा बरा वाटतो. चुकून टिक राहायची भीती नाही.

कळफलक :
जुळणीकार, मस्त. एक्सपीवर अजून एक आहे : फाइल टाइप्समध्ये प्रकार निवडून 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'न्यू'. 'अ‍ॅक्शन'मध्ये हवं ते नाव द्या, 'अ‍ॅप्लिकेशन यूज्ड'मध्ये ईएक्सईचा पत्ता आणि "%१". राइट क्लिकच्या मेनूत ती ओळ कायमची येते, डबल क्लिक आहे तसाच राहतो.

तिरफळ :
.डॉकएक्सचं काय? एक्सपीवर ऑफिस २००३ आहे. वर्डपॅड जोडून दिलं तर चालेल?

रात्रपाळी :
नाही. एक्सपीच्या वर्डपॅडला डॉकएक्स वाचता येत नाही, नुसती अगम्य चिन्हं दिसतील आणि सुरुवातीला इंग्रजी 'पीके'. डॉकएक्स ही आतून झिप फाइल असते, 'पीके' ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. चुकून सेव्ह केलं तर फाइल मेली. .डॉकएक्स बदलून .डॉक केल्यानेही आतलं काही बदलत नाही. २००३साठी मायक्रोसॉफ्टचा कम्पॅटिबिलिटी पॅक जुन्या सीडीवर असेल तर तो टाका. नाहीतर लिबरऑफिस ५.४, एक्सपीवर चालणारी ती शेवटची मालिका आहे. ५१२ एमबीवर सुरू व्हायला वेळ घेईल. इन्स्टॉल करताना 'वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फाइल्स लिबरऑफिसने उघडायच्या का' असं विचारतं, तिथे .डॉक आणि .एक्सएलएस टिक करू नका, ते २००३कडेच राहू द्या.

७च्या वर्डपॅडला डॉकएक्स वाचता येतं, पण हेडर-फूटरसारख्या गोष्टी ते टाकून देतं. वाचा, सेव्ह करू नका.

जुळणीकार :
एक्सेलची फाइल डबल क्लिक केली की एक्सेल उघडतं पण आत फाइलच नाही, नुसती राखाडी खिडकी. असोसिएशन दोनदा बदलून पाहिलं.

कळफलक :
असोसिएशन ठीकच आहे. एक्सेल २००३ असेल तर टूल्स, ऑप्शन्स, 'जनरल' टॅब, 'इग्नोर अदर अ‍ॅप्लिकेशन्स'ची टिक काढा. २००७मध्ये ऑफिस बटण, एक्सेल ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, खाली 'जनरल'मध्ये 'इग्नोर अदर अ‍ॅप्लिकेशन्स दॅट यूज डीडीई'. विंडोज आधी एक्सेल सुरू करतं आणि मग 'ही फाइल उघड' असा निरोप धाडतं. ती टिक असली की एक्सेल निरोप घेतच नाही.

खडूफळा :
मराठी नावांची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की सगळी अक्षरं विचित्र. नोटपॅडमध्ये नीट दिसतात. हेही असोसिएशन का?

बिनतारी :
अर्धं. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आहे आणि डबल क्लिकने उघडताना एक्सेल ते ओळखत नाही. डेटा मेनूतून आणा : २००३मध्ये 'इम्पोर्ट एक्स्टर्नल डेटा', 'इम्पोर्ट डेटा', २००७मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट'. पहिल्याच पायरीवर 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८) निवडा, पुढे 'डिलिमिटेड' आणि स्वल्पविराम. विचित्र दिसत असताना सेव्ह करू नका, मग मूळ अक्षरं परत मिळवणं अवघड. अशा फाइल्स रोज येत असतील तर .सीएसव्ही लिबरऑफिस कॅल्कला जोडा. ते दर वेळी उघडायच्या आधीच कॅरेक्टर सेट विचारतं.

तिरफळ :
शेवटचं. ७वर पोर्टेबल सुमात्रा आता डबल क्लिकवर उघडतंय, पण पीडीएफचा आयकॉन अजून जुन्या रीडरचाच दिसतो.

रात्रपाळी :
आयकॉनची साठवलेली प्रत आहे ती. सगळ्या खिडक्या बंद करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर.ईएक्सई बंद करा. मग प्रॉम्प्टमध्ये तुमच्या यूजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, लोकलमध्ये जाऊन आयकॉनकॅश.डीबी उडवा. ती लपवलेली असते, म्हणून 'डेल'नंतर /ए लावा. टास्क मॅनेजरमधूनच 'न्यू टास्क', एक्सप्लोरर. एक्सपीवर तीच फाइल 'लोकल सेटिंग्ज', 'अ‍ॅप्लिकेशन डेटा'मध्ये असते.